चित्रात यंत्राचा मजकूर कसा ओळखू यावा

मालवणच्या मासळी बाजारावर आणि पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होण्याआधीच्या दिवसांवर तुम्ही सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक करताय. त्यात आजी, तांडेल (होडीवरचा प्रमुख) आणि दोन भावंडं बोलतात, तशी यंत्रंही बोलतात: होडीवरचा वायरलेस, मासळीवालीच्या पाटीशेजारचा, पैसे जमा झाले की बोलणारा साऊंडबॉक्स, कुडाळ स्टेशनवरची उद्घोषणा, मोबाइलवर आलेला वादळाचा इशारा आणि मुलीच्या प्रश्नाला चॅटबॉटने दिलेलं उत्तर. पाचही मजकुरांना तुम्ही बोलण्याचा निळा चौकोनी फुगा आणि एकच ‘कॉम्प्युटरसारखा’ फॉन्ट दिलात. शाळेत कच्ची प्रत वाचून दाखवली तेव्हा वायरलेसवर बोलणारा काका मुलांना रोबो वाटला. आता फॉन्ट कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

फॉन्ट बदलून हे सुटणार नाही. मुलांनी तुमची खूण जशी होती तशीच वाचली. पाचही मजकूर यंत्रातून येतात हे खरं, पण ते सगळे यंत्राचे नाहीत. वायरलेसवर माणूस बोलतो, यंत्र फक्त त्याचा आवाज पोचवतं. साऊंडबॉक्स आणि स्टेशनची उद्घोषणा यांत वाक्य आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, यंत्र त्यात आकडा भरतं आणि वेळेवर म्हणतं. वादळाचा इशाराही याच गटातला, फक्त त्याच्यामागे हवामान खातं आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा जबाबदार म्हणून उभी असते. चॅटबॉटचं प्रकरण वेगळं: तिथे ते वाक्य त्या क्षणी यंत्रानेच जुळवलेलं असतं, आधी कुणी लिहिलेलं किंवा तपासलेलं नसतं. मी चित्रांत अक्षरं भरायला बसतो तेव्हा प्रत्येक फुग्याला आधी हेच विचारतो, की या शब्दांची जबाबदारी कुणाची? त्या उत्तरावरून खूण ठरते. किनाऱ्यावरच्या मुलांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उद्या त्यांच्या घरातली होडी समुद्रात जायची की नाही हे अशाच एखाद्या मजकुरावर ठरणार आहे.

खुणांचा क्रम मी असा लावतो: आधी फुग्याची शेपटी (बोलणाऱ्याकडे जाणारं टोक), मग चौकट, मग अक्षर, आणि रंग सगळ्यात शेवटी. तुम्ही निळ्या रंगापासून सुरुवात केलीत, बहुतेक जण तसंच करतात. पण तुमचं पुस्तक शाळाशाळांत काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर फिरणार. निळा तिथे राखाडी होतो, आणि फिका निळा तर उडूनच जातो. शिवाय काही मुलांना रंगांतला फरक नीट दिसत नाही. बंदरावरचा बावटा बघा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य आपल्याकडे लहानपणापासून कानावर असतं. त्या पद्धतीत दिवसा शंकू आणि नळकांड्यासारखे काळे आकार चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. दिवसा लांबून रंग कळत नाही म्हणून सगळी भिस्त आकारावर. त्या इशाऱ्याला तोंड नाही, शब्द नाहीत, तरी हा कुणा एकाचा सल्ला नसून बंदराचा निरोप आहे हे होडीतल्या माणसाला कळतं. चित्रातल्या यंत्राच्या मजकुरालाही असाच आकार हवा.

वायरलेसपासून सुरुवात करू, कारण घोळ तिथेच झाला. सागरी वायरलेसवर, म्हणजे व्हीएचएफ सेटवर, सोळा नंबरचं चॅनल संकटाच्या हाकेसाठी आणि पहिल्या संपर्कासाठी राखलेलं आहे (१५६.८ मेगाहर्ट्झ). पलीकडे हाडामांसाचा तांडेल आहे. म्हणून त्याचं अक्षर आजीच्या अक्षरासारखंच, हाताने काढल्यासारखं ठेवा. बदल फक्त शेपटीत आणि कडेत करा. शेपटी विजेसारखी नागमोडी, टोकदार, आणि ती सेटच्या जाळीवर जाऊन टेकली पाहिजे; जवळ बसलेल्या खलाशाच्या तोंडाकडे तिचा रोख चुकूनही जाऊ नये. फुग्याची कड एक-दोन ठिकाणी करवतीच्या दात्यांसारखी. कॉमिक्समध्ये रेडिओ आणि फोनच्या आवाजासाठी ही खूण फार जुनी आहे, जगभर चालते, मुलांना शिकवावी लागत नाही. पण सगळी कड दातेरी केली की ती किंकाळी वाटते. खरखर दाखवायची असेल तर शब्दाचा एखादा भाग पुसट करा. हेच काका पुढच्या पानावर धक्क्यावर उतरून बोलताना दाखवणार असाल, तर अक्षर तेच राहिल्याने मूल त्यांना लगेच ओळखेल. सगळा खटाटोप त्याच्यासाठीच.

साऊंडबॉक्स सोपा आहे. ‘पन्नास रुपये मिळाले’ एवढंच वाक्य, नेहमी तेच, फक्त आकडा बदलतो. पट्टीने आखलेली आयताकृती चौकट, कोपरे जेमतेम गोल, रेघ सगळीकडे सारख्या जाडीची. शेपटीऐवजी डबीपासून निघालेल्या दोन-तीन वक्र रेषा. अक्षर छापील. पुस्तकात तो तीनदा वाजत असेल तर तिन्ही वेळा चौकटीचा आकार, ओळींची मोडणी, सगळं हुबेहूब तसंच ठेवा. माणूस एकच वाक्य तीनदा तीन तऱ्हांनी म्हणतो, यंत्र तसं करत नाही. ही पुनरावृत्ती हीच त्याची सर्वांत बोलकी खूण आहे.

स्टेशनवरची उद्घोषणा मुलांना पाठ असते, त्यामुळे तिथे थोडं खेळता येतं. कोकण रेल्वेवर सलग वाहतूक सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. तुमच्या वाचकांच्या आईवडिलांपैकी कित्येकांनी गाडी येण्याआधीचं कुडाळ पाहिलेलं असेल, पण या मुलांना तो आवाज घरातल्या आवाजाइतका ओळखीचा. त्याची गंमत अशी की आवाज खऱ्या माणसाचा असतो, पण तुकड्यातुकड्यांत ध्वनिमुद्रित केलेला, आणि संगणक ते तुकडे जोडतो. म्हणून गाडीचा नंबर ‘एक शून्य एक शून्य तीन’ असा सुटा-सुटा ऐकू येतो, ‘दहा हजार एकशे तीन’ असा नाही. चित्रात हे दाखवायला एका लांब पट्टीचे चार तुकडे करा, मध्ये केसभर फट ठेवा: ‘कृपया लक्ष द्या’, ‘गाडी क्रमांक १०१०३’, ‘मांडवी एक्स्प्रेस’, ‘फलाटावर येत आहे’. प्रत्येक तुकडा सरळ, सगळे एका रेषेत, आणि पट्टी वरच्या भोंग्यातून निघून फलाटभर पसरलेली. वाचणाऱ्या बाई आपोआप त्या फटींवर थांबतील.

आता अक्षराबद्दल जरा सविस्तर, कारण इंग्रजी पुस्तकांतून उचललेल्या युक्त्या देवनागरीत हमखास फसतात.

इंग्रजीत यंत्राचा आवाज दाखवायला सगळी कॅपिटल अक्षरं वापरतात. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. ते अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतात; आपण ती सोडली की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा शब्द राहत नाही. तुटक बोलणं दाखवायचंच असेल तर अक्षरागणिक तोडा: ‘स-मु-द्रा-त’. ‘द्रा’ मधला द आणि रा वेगळे करू नका. आणि पूर्ण वाक्य कधीही असं तोडू नका, नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे दमून जातं. तिरपी अक्षरंही टाळा. देवनागरीत तिरप्या वळणाची स्वतंत्र परंपरा नाही. संगणक सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो, मग वेलांटी शेजारच्या मात्रेवर चढते. प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा टाइपरायटरी फॉन्टही इथे चालत नाही. ‘र’ आणि ‘क्ष’ एकाच मापात बसवायचे म्हटले की एक भुकेला दिसतो, दुसरा कोंबलेला.

ठिपक्यांची अक्षरं मात्र चालतात, कारण ती आपल्या डोळ्यांच्या सवयीची आहेत: स्टेशनवरचे एलईडी फलक, जुनी डॉट मॅट्रिक्सवर छापलेली बिलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्रजी अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत बसतं. देवनागरीला वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. उभ्या सोळाएक ओळी दिल्याशिवाय ते सुटसुटीत दिसत नाही. त्यामुळे ठिपक्यांत फलकावरचे एक-दोन शब्दच काढा, परिच्छेद नको. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईतले जे चमत्कारिक आकडे असतात, त्यांच्यावरून इंग्रजीत ‘कॉम्प्युटरी’ अक्षरांची एक अख्खी फॅशन १९६० च्या दशकात सुरू झाली. देवनागरीला त्या फॅशनचे कपडे घालणारे फॉन्ट अधूनमधून दिसतात. ते घेऊ नका. आपल्या मुलांच्या डोळ्यांत तसल्या देवनागरीची कुठलीच आठवण नाही, त्यांना ती फक्त वाचायला कठीण जाते.

मग घ्यायचं काय? माणसांसाठी तुमचं स्वतःचं हस्ताक्षर सर्वांत उत्तम. वेळ नसेल तर कलम हा हस्ताक्षरी वळणाचा फॉन्ट. यंत्रांसाठी राजधानी, ज्याची वळणं चौकटीत बसवल्यासारखी सरळ आहेत. किंवा साधा मुक्ता. हे तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, छपाईला पैसे पडत नाहीत. कोणताही फॉन्ट पक्का करण्याआधी त्यात तीन शब्द लिहून बघा: ‘वाऱ्याचा’, ‘किनाऱ्यावर’, ‘दर्यात’. पहिल्या दोघांत र चा आडवा अर्धा आकार नीट आला पाहिजे, तिसऱ्यात रफार. वादळाच्या पानावर हेच शब्द येणार आहेत आणि नेमके तेच मोडतात. पानं जुळवायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाला त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावा, नाहीतर वेलांट्या सैरावैरा पळतात. काही चित्रकार ही मोडतोड मुद्दाम ठेवतात, ‘यंत्राचा मजकूर आहे, मोडकाच शोभतो’ म्हणून. मुलांच्या पुस्तकात मला ते अजिबात मान्य नाही. ज्या वयात मूल जोडाक्षर शिकतंय, त्या वयात त्याला चुकीचं जोडाक्षर छापून देऊ नये.

भाषेच्या पोताचाही उपयोग होतो. तुमची आजी ‘दर्यात जाव नको, वारो बरो नाय’ म्हणते आणि मोबाइल म्हणतो ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’. फुग्याचा आकार झाकला तरी कोण बोलतंय ते कळतं. हा फरक ठेवाच, तुमच्या संहितेतली ती सर्वांत सुंदर गोष्ट आहे. पण त्याच्यावर विसंबू नका. शाळेतल्या बाईही प्रमाण मराठी बोलतात, त्या यंत्र नव्हेत. आणि चॅटबॉटला सांगितलं तर तोही मालवणी वळणाचं काहीतरी लिहून देतो. यंत्राचं बोलणं कृत्रिम वाटेल आणि त्यावरून ओळखू येईल, ही खात्री आता उरलेली नाही. म्हणूनच बाहेरून दिसणारी खूण पूर्वीपेक्षा जास्त गरजेची झाली आहे.

तर चॅटबॉट. मुलगी विचारते, ‘बांगडा पावसात कुठे जातो?’ आणि पडद्यावर उत्तर येतं. तुम्ही तिथे चार टोकांची चमकी काढली आहे, कारण बऱ्याच ॲप्समध्ये एआयच्या बटणावर तीच असते. पण तुमच्याच पुस्तकात पाण्यावरची तिरीप आणि बांगड्याच्या अंगावरची चकाकी त्याच चमकीने दाखवलेली आहे. मुलांच्या चित्रभाषेत चमकी म्हणजे नवं, स्वच्छ, जादूचं. यंत्राच्या उत्तराला असा जादूचा शिक्का बसला तर मूल त्याच्यावर जास्तच विश्वास ठेवेल. हसऱ्या रोबोचं डोकंही नको. चेहरा दिला की मुलं त्याला पात्र समजतात, त्याच्या मनात काय असेल याचा विचार करू लागतात. इथे मी सरळ शब्द वापरतो. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात फाइलला असते तशी छोटी पट्टी, तीत ‘एआयचं उत्तर’ असं लिहिलेलं. चौकटीची कड तुटक रेघांची, म्हणजे पक्की नाही असं न सांगता सुचतं. सगळ्या पुस्तकात तुटक कड फक्त याच मजकुराला द्या. स्वप्न किंवा कुजबूज दाखवायला तुटक रेघ आधीच वापरली असेल तर तिथली बदला.

पट्टी वर डावीकडेच का, तर वाचून दाखवणाऱ्याला शब्द तोंडात येण्याआधी कळायला हवं. पिंगुळीची चित्रकथी आठवा, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायची कला, तुमच्या कुडाळपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या सुट्या चित्रांवर फुगे नसतात. रावण कोण, सीता कोण, हे गाणारा आपल्या आवाजातून वेगळं करतो. खालच्या वर्गांत तुमचं पुस्तक असंच वाचलं जाणार, बाई वाचणार आणि मुलं चित्र बघणार. ‘हा मजकूर यंत्राने तयार केला आहे’ अशी ओळ चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकली, तर ती दिसेपर्यंत बाईंनी सगळं उत्तर माणसाच्या आवाजात वाचून टाकलेलं असेल.

राहिला वादळाचा इशारा. याला मी सर्वांत जास्त जागा देईन. हा एसएमएस नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेकडून सेल ब्रॉडकास्टने येणारा संदेश ठरावीक टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनवर एकदम उमटतो, फोन जोरात वाजतो आणि थरथरतो. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा कितीतरी लोक दचकले होते. त्यामुळे चित्रात तो एका फोनवर दाखवू नका. बाजाराचं पूर्ण पान घ्या आणि आजीच्या कमरेचा, बर्फवाल्याच्या खिशातला, रिक्षात ठेवलेला, असे सगळे फोन एकाच वेळी वाजताना दाखवा. मजकूर मात्र एकदाच, मोठ्या चौकटीत. चौकटीला दुहेरी कड, आतली जाड, बाहेरची बारीक, आणि तिच्यापासून प्रत्येक फोनपर्यंत बारीक सरळ रेघ. वर पट्टीत ‘धोक्याचा इशारा’ आणि कुणाकडून आला ते नाव. अक्षर साधं, ठळक, पुस्तकातल्या इतर यंत्रांपेक्षा मोठं. १८ पॉइंटच्या खाली जाऊ नका. इथे कोणतीही करामत नको, ठिपके नकोत, खरखर नको. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्गापासून वरपर्यंत झोडपलं. त्या वादळांच्या आठवणी घरोघरी ताज्या आहेत. या पानावर अक्षरांशी खेळ केला तर मुलं हसतील, आणि तो हसण्याचा मजकूर नाही.

रंग इथे वापरा, पण जपून. हवामान खात्याच्या इशाऱ्यांत हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशी चढती भाजणी आहे आणि मुलं ते रंग बातम्यांत बघतात. म्हणून हे चार रंग पुस्तकातल्या बाकी कुठल्याही फुग्याला देऊ नका. 

याच पानावर आजी चष्मा लावून इशारा मोठ्याने वाचते, आणि तिथे तुम्ही अडला आहात, की हा फुगा कुणाचा. आजीचा. शेपटी तिच्या तोंडाकडे, कड हाताने काढलेली, अक्षरही तिचंच. शब्द मोबाइलचे असल्याने त्यांना अवतरणचिन्हं द्या, आणि त्याच्यापुढे तिचं स्वतःचं मालवणी वाक्य चिन्हांबाहेर येऊ द्या. इशारा यंत्रणेने दिला, पण नातवाला घरात थांबवायची जबाबदारी तिने घेतली आहे, आणि ती तिच्याच फुग्यात दिसायला हवी.

सुरुवातीला ‘खुणांची यादी’ असं पान घालायचा तुमचा विचार आहे. नको. मुलं ते पान उलटून पुढे जातात, आणि ज्या खुणेला यादी लागते ती खूण कुठेतरी कच्ची असते. त्यापेक्षा प्रत्येक खूण पहिल्यांदा येईल तिथे ते यंत्र चित्रात स्पष्ट आणि मोठं दिसू द्या. दुसऱ्या वेळी नुसता कोपरा दिसला तरी पुरतो. मग पानांची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, सगळे शब्द कागदाच्या कपट्यांनी झाका आणि पुस्तक न पाहिलेल्या दोन-तीन मुलांना विचारा: इथे कोण बोलतंय? जिथे ती अडतील तिथली शेपटी आधी तपासा, चौकट नंतर.

पीडीएफही काढणार असाल तर प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर जोडा. स्क्रीन रीडरला, म्हणजे डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, फुग्याचा आकार दिसत नाही, म्हणून त्या मजकुरात ‘वायरलेसवरून काका:’, ‘मोबाइलवर आलेला इशारा:’, ‘एआयचं उत्तर:’ असं वाक्याच्या आधी लिहा. आणि एखादं चित्रच एआयकडून करून घेतलं असेल तर तो वेगळा विषय आहे. त्याची नोंद फुग्यांच्या खुणांत मिसळू नका. श्रेयनामावलीच्या पानावर, चित्रकाराच्या नावाच्या लगत, कोणत्या पानावरचं चित्र ते सांगून एका ओळीत लिहा.